परीस पाण्यात पडतो तेव्हा : पारा, पॅलॅडियम आणि एका 'म्हणून'चा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि विषय रसायनशास्त्राचा आहे. पण तो शेवटी आपल्या नाल्यापर्यंत येतो, म्हणून थोडा वेळ काढा.

कंपन्यांची प्रसिद्धिपत्रकं तालुक्याच्या पत्रकाराकडेही येतात. गेल्या काही वर्षांत त्यात एक वाक्य वारंवार दिसतं : आमची प्रक्रिया पाण्यावर आधारित आहे, म्हणून ती पर्यावरणपूरक आहे. बातमीत हे वाक्य जसंच्या तसं छापलंही जातं. त्यातला पहिला भाग बहुतेकदा खरा असतो. अडचण आहे ती त्या 'म्हणून'मध्ये. पाण्यात केलं म्हणून स्वच्छ झालं, असं रसायनशास्त्राचा इतिहास सांगत नाही. काय सांगतो, ते पाहायचं तर पॅलॅडियम नावाच्या एका धातूची गोष्ट पुरेशी आहे. तिच्यात लंडन, जपान, जर्मनी आहे. आपलं पुणं आणि माटुंगाही आहे. सुरुवात मात्र रामटेकपासून करतो.

आपल्याकडे गडमंदिराच्या परिसरात नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे. नागार्जुन इथे पाऱ्यावर प्रयोग करायचा, पाऱ्याचं सोनं करण्याची विद्या त्याला साधली होती, ही कथा इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. इतिहासकार म्हणतात की शून्यवाद मांडणारा बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन वेगळा आणि रसविद्येच्या ग्रंथांशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो, बराच नंतरचा, नागार्जुन वेगळा. ते काहीही असो, पाऱ्याची प्रक्रिया, धातूंची शुद्धी, भस्मं हे सगळं आपल्याकडे शतकानुशतकं चाललं होतं आणि त्याचे ग्रंथ आहेत. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ मध्ये दोन खंडांत हिंदू रसायनाचा इतिहास लिहिला, तो याच ग्रंथांच्या आधारे.

या कथांमधला परीस आठवा. लोखंडाला लागला की सोनं होतं आणि परीस मात्र जसाच्या तसा राहतो. पाऱ्याचं सोनं अशा रासायनिक क्रियेने होत नाही, हे आज शाळकरी मुलालाही माहीत आहे. पण दुसऱ्या पदार्थांमध्ये बदल घडवून आणायचा आणि स्वतः पुन्हा मोकळं व्हायचं, ही कल्पना चुकीची नव्हती. १८३५ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने अशा पदार्थांच्या कामाला नाव दिलं. मराठी पाठ्यपुस्तकात आपण त्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतो. कथेतला परीस आणि खरा उत्प्रेरक यांत एक फरक आहे. परीस झिजत नाही. उत्प्रेरक झिजतो, बिघडतो, सांडतो, हरवतो. हरवलेला परीस कुठे जातो, एवढ्यावर ही सगळी पोस्ट आहे.

आता पॅलॅडियमकडे.

१८०० च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम हाइड वोलॅस्टन नावाच्या डॉक्टरकी सोडलेल्या माणसाने आपला मित्र स्मिथसन टेनंट याच्यासोबत दक्षिण अमेरिकेतून आलेलं प्लॅटिनमचं कच्चं खनिज विकत घेतलं. त्यातून प्लॅटिनम शुद्ध करताना १८०२ मध्ये त्याच्या हाती एक नवा, चांदीसारखा पांढरा धातू लागला. त्याच वर्षी सापडलेल्या पॅलस या लघुग्रहावरून त्याने धातूला पॅलॅडियम नाव दिलं. पण शोध जाहीर केला नाही. प्लॅटिनम शुद्ध करण्याची रीत हे त्याचं व्यापारी गुपित होतं, ते त्याला फोडायचं नव्हतं. म्हणून १८०३ मध्ये त्याने काय केलं? सोहो भागातल्या एका दुकानात हा धातू 'नवी चांदी' म्हणून विकायला ठेवला आणि निनावी पत्रकं वाटली.

रिचर्ड चेनेविक्स नावाच्या आयरिश रसायनशास्त्रज्ञाला यात फसवणुकीचा वास आला. त्याने दुकानातला माल घेतला, प्रयोग केले आणि रॉयल सोसायटीपुढे सांगितलं की हा नवा धातू वगैरे काही नाही, प्लॅटिनम आणि पारा यांचं मिश्रण आहे. पुन्हा पाराच! मग एक निनावी जाहिरात आली, की असा धातू कुणी कृत्रिमपणे बनवून दाखवला तर वीस पौंड बक्षीस. कुणालाही जमलं नाही. शेवटी १८०५ मध्ये वोलॅस्टनने मान्य केलं की शोध आपलाच.

गोष्ट गमतीची आहे, पण लक्षात ठेवण्यासारखी आहे ती वेगळ्या कारणाने. या धातूच्या बाबतीत किंमत आणि गुपित हे पहिल्या दिवसापासून एकत्र आहेत. आजही तो फार थोड्या ठिकाणी निघतो. मोठा वाटा रशिया आणि दक्षिण आफ्रिकेचा. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर त्याचा भाव औंसाला ३,००० डॉलरच्या वर गेला होता. हा धातू जो वापरतो तो त्याचा कणनकण मोजतो. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

मधल्या काळात पाऱ्याचं काय झालं? त्यासाठी जपानला जावं लागेल.

मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावात चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनवत होता. प्लॅस्टिक आणि इतर रसायनांसाठी लागणारा तो महत्त्वाचा कच्चा माल. ॲसिटिलीन वायू, म्हणजे आपल्या वेल्डिंगवाल्याकडे असतो तोच, आम्ल घातलेल्या पाण्यातून सोडायचा. त्या पाण्यात उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचं संयुग. म्हणजे ही प्रक्रिया शब्दशः 'पाण्यावर आधारित' होती. त्या पाण्यातच थोड्या पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी व्हायचं आणि सांडपाण्याबरोबर समुद्रात जायचं. तिथून मासळीत, मासळीतून मांजरांत आणि माणसांत. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच दवाखान्याने या अनोळखी आजाराची अधिकृत नोंद कळवली. १९५९ मध्ये तिथल्या डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून मांजराला खाऊ घातलं. मांजराला तोच आजार झाला. कंपनीने तो निष्कर्ष दाबला. ते उत्पादन थांबलं १९६८ मध्ये, आणि कारण काय हे जपान सरकारने अधिकृतपणे मान्य केलं तेही त्याच वर्षी. रुग्ण म्हणून अधिकृत मान्यता मिळालेल्यांची संख्याच दोन हजारांवर आहे. त्यातले बहुतेक साधे मासेमार आणि त्यांचे कुटुंबीय.

पाऱ्याच्या या प्रक्रियेची जागा ज्याने घेतली तो धातू म्हणजे पॅलॅडियम. जर्मनीतल्या वाकर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दाखवलं की एथिलीन वायूपासून ॲसिटाल्डिहाइड सरळ बनवता येतं. पाण्यात पॅलॅडियम क्लोराइड टाकायचं, आणि दमलेलं पॅलॅडियम पुन्हा कामावर आणायला तांब्याचं क्लोराइड. एथिलीन पाण्यातलं पॅलॅडियम क्लोराइड काळं पाडतं, हे फिलिप्स नावाच्या अमेरिकन माणसाने १८९४ मध्येच पाहून ठेवलं होतं. त्याचा कारखाना व्हायला पासष्ट वर्षं लागली. पारा गेला, हा फार मोठा फायदा. पण या प्रक्रियेतही क्लोरिन असलेले नको ते पदार्थ तयार होतात आणि सांडपाण्यात उतरतात, त्यामुळे त्या पाण्याचा बंदोबस्त करावाच लागतो. पाणी तेच, धातू बदलला, आणि सांडपाण्याचा प्रश्न लहान झाला पण संपला नाही.

आता पॅलॅडियमचं आजचं एक मोठं रासायनिक काम. ते म्हणजे जोडणी.

औषधं, कीडनाशकं, मोबाइलच्या पडद्यातले पदार्थ, यांचे रेणू कार्बनच्या सांगाड्यावर उभे असतात. एका सांगाड्याचा कार्बन दुसऱ्याच्या कार्बनला नेमक्या जागी जोडणं हे फार जिकिरीचं काम. कार्बन सहजासहजी हलत नाही, आणि जबरदस्ती केली तर भलत्याच ठिकाणी जोडला जातो. पॅलॅडियम हे काम तीन पायऱ्यांत करतं. एका तुकड्यावर ब्रोमिन किंवा आयोडिन लावलेलं असतं. पॅलॅडियमचा अणू कार्बन आणि ब्रोमिन यांच्या मधे शिरतो. दुसऱ्या तुकड्यावर, समजा, बोरॉन असतं. तिथून तो तुकडा पॅलॅडियमवर येतो. आता दोन्ही कार्बन एकाच अणूवर शेजारी बसलेले. ते एकमेकांना जोडले जातात आणि पॅलॅडियम मोकळं होऊन पुढच्या जोडीकडे वळतं.

अमेरिकेत रिचर्ड हेक यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी या वाटेने सुरुवात केली. जपानमध्ये त्सुतोमु मिझोरोकी यांनी १९७१ मध्ये जवळपास तीच प्रक्रिया स्वतंत्रपणे दाखवली. एइ-इची नेगिशी यांनी १९७७ मध्ये जस्त वापरलं. अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी १९७९ मध्ये बोरॉन वापरलं. २०१० चं रसायनशास्त्राचं नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना विभागून मिळालं. सुझुकींनी आपल्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं नव्हतं. वोलॅस्टनने गुपित ठेवून सुरू केलेल्या कथेत हा उलटा माणूस. बोरॉनची संयुगं पाण्याला घाबरत नाहीत, हाताळायला सोपी, त्यामुळे ही प्रक्रिया जगभर पसरली. रक्तदाबाच्या लोसार्टन या गोळीच्या उत्पादनात ती वापरली गेली. बॉस्कॅलिड हे बुरशीनाशकही तिच्याच आधाराने बनतं. आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यापर्यंत पॅलॅडियम असं येऊन पोचलं आहे. पोचलं म्हणजे त्याचं काम. धातू मात्र गोळीत राहता कामा नये. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर पॅलॅडियम पोटात जाऊ नये, अशी औषधनिर्मितीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतली मर्यादा आहे.

मग या कामात पाणी कशाला आणलं? इथे आपल्या 'म्हणून'चं उत्तर आहे.

पाणी आलं ते नदी वाचवायला नाही. पाणी आलं ते महाग धातू वाचवायला.

उत्प्रेरक आणि माल दोन्ही एकाच द्रवात विरघळलेले असतील, तर काम झाल्यावर धातू वेगळा काढायचा कसा, ही जुनी डोकेदुखी. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये रोन-पुलेंक कंपनीतल्या एमिल कुंट्झ यांनी युक्ती काढली. धातूच्या अणूला धरून बसणारे काही सहायक रेणू असतात, त्यांना लिगंड म्हणतात. त्या लिगंडवर त्यांनी गंधकाचा सल्फोनेट गट चिकटवला. आपल्या कपडे धुण्याच्या पावडरीतल्या रेणूला असतो तसाच. असा लिगंड धातूला घेऊन पाण्यात उतरतो आणि तेलात जात नाही. काम संपलं की तेलासारखा माल वर तरंगतो, धातू खाली पाण्यात राहतो. वरचं काढून घ्या, खालचं पाणी पुन्हा वापरा. जर्मनीत ओबरहाउझेनला १९८४ पासून याच तत्त्वावर कारखाना सुरू झाला. त्यात धातू होता ऱ्होडियम, पॅलॅडियमचाच भाऊ. तिथे पाणी म्हणजे तिजोरी होती. आणि तिजोरी कुणी नाल्यात ओतत नाही. ती प्रक्रिया स्वच्छ ठरली ती पाण्यामुळे नव्हे, तर पाणी पुन्हापुन्हा वापरल्यामुळे. सगळ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा हाच आहे.

त्या तिजोरीला एक मोठी अडचण होती. लांब साखळीचे तेलकट रेणू पाण्यात उतरतच नाहीत, मग पाण्यातल्या धातूची आणि त्यांची गाठ कशी पडणार? यावर एक महत्त्वाचं उत्तर आलं ते आपल्या पुण्यातून. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे १९५० मध्ये सुरू झालेल्या एनसीएलमध्ये, रघुनाथ चौधरी, भालचंद्र भानगे आणि आर. एम. देशपांडे यांनी फ्रान्समधल्या देल्मास यांच्यासोबत १९९५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात शोधनिबंध दिला. त्यांनी तेलाच्या थरात दुसरा एक साधा लिगंड घातला. तो पाण्यात जात नाही, पण तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर येऊन धातूला पकडतो. पाण्यातला धातू असा सीमेपर्यंत ओढला गेला आणि प्रक्रियेचा वेग अनेक पटींनी वाढला. धातू मात्र पाण्याच्या बाजूलाच राहिला. विरोध दोन थरांचा होता, त्यावर उपाय सीमेवर शोधला. माझ्या मते महाराष्ट्रातल्या विज्ञानाची ही एक मोठी बातमी होती.

ते काम ऱ्होडियमचं. पॅलॅडियमच्या जोडणीला पाण्यात उतरवलं ते १९९० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या कॅसलनुओव्हो आणि कॅलाब्रीस यांनी. त्यांचं एक महत्त्वाचं लक्ष्य होतं डीएनएचे घटक. इथे पाण्याचं कारण वेगळं आणि जास्त प्रामाणिक आहे. न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनए-आरएनएच्या साखळीतली कडी, ही साखरेचा तुकडा घेऊन येते. साखर पेट्रोलमध्ये विरघळेल का? नाही. तसंच या कड्या नेहमीच्या सेंद्रिय द्रावकांत नीट विरघळत नाहीत. मग त्यांना आधी रासायनिक 'टोपरी' घालायची, मग जोडणी करायची, मग टोपरी काढायची. प्रत्येक पायरीला द्रावक, प्रत्येक पायरीला कचरा. पाण्यात विरघळणारं पॅलॅडियम मिळालं तर टोपरी घालण्याची गरजच उरत नाही.

हे काम आज मुंबईत माटुंग्याला होतं. १ ऑक्टोबर १९३३ ला मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली यूडीसीटी, आजची आयसीटी. तिथले अनंत कापडी यांच्या गटाने स्पेन, जर्मनी आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये पाण्यात विरघळणारी पॅलॅडियमची संयुगं वापरून चार वेगवेगळ्या न्यूक्लिओसाइडवर सुझुकी-मियाउरा जोडणी करून दाखवली. तीही पाण्यात आणि सौम्य परिस्थितीत. लिगंड म्हणून फॉस्फरस आणि नायट्रोजनचा एक छोटा पिंजऱ्यासारखा रेणू होता, तो पाण्यात सहज विरघळतो. विषाणूंविरुद्धची कित्येक औषधं बदललेल्या न्यूक्लिओसाइडपासूनच बनलेली आहेत. कोविडच्या दिवसांत रेमडेसिव्हिरसाठी लोक रात्ररात्र रांगेत उभे होते, ते याच कुळातलं औषध. तेव्हा ही प्रयोगशाळेतली हौस नाही. असं संशोधन पुढे कारखान्यात गेलं पाहिजे, आणि आपल्याच राज्यात गेलं पाहिजे.

पण कारखान्यात जाताना हिशोब बदलतो. प्रयोगशाळेत एक चंबू असतो, कारखान्यात हजारो लिटरची टाकी. तिथे तीन गोष्टी घडतात.

पहिली. प्रक्रिया पाण्यात झाली, पण माल पाण्यातून बाहेर काढायला बऱ्याचदा सेंद्रिय द्रावकच ओतावा लागतो. म्हणजे पुढच्या दाराने हाकललेला पाहुणा मागच्या दाराने घरात.

दुसरी. सेंद्रिय द्रावक मळला तर तो उकळून, गाळून पुन्हा मिळवता येतो, निदान जाळता तरी येतो. मळलेलं पाणी जाळता येत नाही. ते उकळून आटवायला प्रचंड इंधन लागतं. त्यात धातूचे अंश, लिगंड, क्षार, उरलेलं औषध असं सगळं मिसळलेलं असतं. म्हणून रसायनशास्त्रज्ञच आता सांगतात की पाणी हे द्रावक म्हणून निरुपद्रवी असलं तरी वापरून झालेलं पाणी तसं नसतं.

तिसरी गोष्ट हिशोबाच्या वहीची. १९९२ मध्ये रॉजर शेल्डन यांनी एक सोपा आकडा पुढे आणला : एक किलो माल बनवताना किती किलो कचरा झाला? औषध उद्योगात तो २५ ते १०० किलो किंवा त्याहूनही जास्त निघाला. या आकड्याने उद्योगाला आरसा दाखवला, हे त्याचं श्रेय. पण मूळ मोजणीत पाणी धरलेलं नव्हतं. द्रावक काढून पाणी घातलं की कागदावरचा कचरा एकदम कमी दिसतो. नाल्यात काय गेलं ते वेगळंच. पुढे पाणी धरून मोजण्याच्या पद्धतीही आल्या, पण प्रसिद्धिपत्रकात कोणता आकडा दिला आहे हे कोण विचारतो?

आता आपल्या राज्याकडे बघू. जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्येच केला. केंद्राचा कायदा आला १९७४ मध्ये. आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे. सांडपाणी आणि पर्यावरण यांवर काम करणारी देशातली मोठी संस्था, नीरी, १९५८ पासून आपल्या नागपुरात आहे. नागपूरचीच लक्ष्मीनारायण तंत्रशिक्षण संस्था १९४२ ची. ती उभी राहिली रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीवर, आणि त्यांचा पैसा मँगनीजचा. मनसर-कांद्रीच्या खाणींमुळे मँगनीज काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणजे या भागाच्या जमिनीतल्या धातूने इथे रसायनशास्त्राचं शिक्षण उभं केलं. कायदा आहे, मंडळ आहे, संस्था आहेत, शिकलेली माणसं आहेत. तरीही तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचं प्रकरण मच्छीमारांना राष्ट्रीय हरित लवादापर्यंत न्यावं लागलं. मिनामाताचे लोकही मासेमारच होते.

आणि नियमांची यादी पाहा. सांडपाण्यात काय किती चालेल, याची देशपातळीवरची सर्वसाधारण मानकं पर्यावरण संरक्षण नियमांत दिली आहेत. त्यात पारा आहे, लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आपलं मँगनीजसुद्धा आहे. पॅलॅडियम नाही. गोळीत किती पॅलॅडियम चालेल याला मर्यादा आहे, नाल्यात किती चालेल याला या यादीत जागाच नाही. पॅलॅडियम हे पाऱ्याइतकं विषारी आहे असं मी म्हणत नाही, तसा दावा करायला आधार नाही. शिवाय महाग असल्यामुळे कारखानदार ते स्वतःहून परत मिळवायला बघतो. पण त्याच्याभोवतीचा लिगंड आणि उरलेलं औषध महाग नसतं. ते परत मिळवण्यात कुणाचा फायदा नाही. म्हणून तिथे बाजार पुरत नाही, नियम लागतो.

हे सगळं रामटेकात बसून कशाला सांगायचं, असं कुणी म्हणेल. आपल्या तालुक्यात औषधांच्या कारखान्यांची रांग नाही, हे खरं. पण तोतलाडोह आपल्या तालुक्यात आहे. पेंचचं पाणी नागपूर शहर पितं आणि त्याच पाण्यावर इथलं धानाचं शेत उभं असतं. पाण्याच्या प्रत्येक टाकीवरून इथे भांडण होतं, हे आपण दरवर्षी बघतो. पाणी फुकट आणि अमर्याद आहे असं धरून केलेला कोणताही हिशोब विदर्भाच्या माणसाने तपासून घ्यायला हवा. 'पाणी हा सगळ्यात स्वस्त द्रावक' हे वाक्य रसायनशास्त्राच्या पुस्तकात ठीक आहे. कालव्याच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्याला ते ऐकवून बघा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पाण्यावर आधारित प्रक्रिया आहे असं कुणी सांगितलं, की टाळ्या वाजवण्याआधी चार प्रश्न विचारायचे. पत्रकारांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी, जनसुनावणीत बसलेल्या प्रत्येकाने.

एक, ते पाणी किती वेळा फिरवून वापरता?

दोन, माल पाण्यातून काढायला कोणता द्रावक वापरता आणि किती?

तीन, आत घातलेल्या धातूपैकी किती परत मिळाला, आणि उरलेला कुठे गेला?

चार, कचऱ्याच्या तुमच्या आकड्यात पाणी धरलं आहे का?

हे प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. आणि चांगलं काम करणाऱ्याला ते खटकणारही नाहीत, कारण त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. ओबरहाउझेनच्या कारखान्याची ख्याती याच उत्तरांवर उभी आहे. पुण्याच्या आणि माटुंग्याच्या संशोधनाला खरा न्याय द्यायचा तर तो गौरवाच्या बातमीने मिळणार नाही. त्यातून निघणारं पाणी पुन्हा टाकीत गेलं तर मिळेल.

मिनामातामध्ये हे प्रश्न विचारणारे डॉक्टर कारखान्याच्या आतच होते. त्यांचं मांजर आजारी पडलं १९५९ मध्ये, आणि कारखान्याने ते उत्पादन बंद केलं १९६८ मध्ये. त्या मधल्या नऊ वर्षांत पाणी समुद्राकडे वाहतच होतं.

आपल्या भागात कुठल्या उद्योगाने असा दावा केला असेल आणि कुणी त्याचा कागद पाहिला असेल, तर खाली लिहा. संमतीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागता येते. अर्ज कसा करायचा ते मी सांगतो.